निकाल ते शपथविधी : भारतात आघाडी सरकार कसे बनते? (१९७९ ते २०२४)



१९९६ सालच्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला १६१, काँग्रेसला १४० आणि जनता दलाला ४६ जागा मिळाल्या. १ जून १९९६ रोजी मात्र पंतप्रधानपदाची शपथ घेतली ती जनता दलाच्या एच. डी. देवेगौडा यांनी. ते त्या वेळी खासदार नव्हते, कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. मतदान करताना ते पंतप्रधान होतील असे फारच थोड्या मतदारांना वाटले असेल. तरीही या नेमणुकीत घटनाबाह्य असे काहीही नव्हते.

हे कसे घडले, या प्रश्नापासून आपण या पाठाची सुरुवात करू. आपण मत देतो तेव्हा लोकसभेचा सदस्य निवडतो, सरकार निवडत नाही. एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले की हा फरक जाणवत नाही. त्रिशंकू लोकसभेत मात्र तो लगेच उघडा पडतो. निकाल आणि शपथविधी यांच्यामधल्या काही दिवसांत देशावर कोण राज्य करणार हे ठरते आणि त्या दिवसांत मतदाराला पुन्हा कोणी विचारत नाही. म्हणून हे दिवस कोणत्या नियमांनी चालतात हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. यातले बहुतेक नियम राज्यघटनेत लिहिलेले नाहीत. १९७९ पासून एकामागून एक कोसळलेल्या सरकारांच्या अनुभवातून ते घडत गेले.

१. राज्यघटना काय सांगते आणि काय सांगत नाही

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ मध्ये या विषयाचा गाभा आहे. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते. मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते. या दोन वाक्यांचा एकत्रित अर्थ असा, की ज्या व्यक्तीला लोकसभेत बहुमताचा पाठिंबा मिळू शकेल तिलाच राष्ट्रपतींनी बोलावले पाहिजे.

आता घटना काय सांगत नाही ते पाहा. कोणालाच बहुमत नसेल तर आधी कोणाला बोलवायचे? पाठिंब्याचा पुरावा शपथेपूर्वी मागायचा की नंतर? बहुमत सिद्ध करायला किती दिवस द्यायचे? निवडणुकीपूर्वी झालेली आघाडी आणि निकालानंतर जुळलेली आघाडी यांत फरक करायचा का? या चारही प्रश्नांवर घटना मौन पाळते. अशा ठिकाणी राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला मिळू शकत नाही, कारण सल्ला देणारे नवे मंत्रिमंडळच अजून अस्तित्वात आलेले नसते. निर्णय त्यांना स्वतःच्या विवेकाने घ्यावा लागतो.

आणखी एक बाब ध्यानात ठेवा. लोकसभेत ५४३ जागा आहेत, म्हणून २७२ हा बहुमताचा आकडा आपल्या तोंडी बसलेला आहे. परंतु सभागृहात ठराव मंजूर होतो तो हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने. एखादा पक्ष तटस्थ राहिला किंवा गैरहजर राहिला तर आवश्यक आकडा खाली येतो. आघाडीच्या राजकारणात तटस्थ राहण्यालाही मोल येते ते यामुळे.

२. १९७९ : याद्यांवर उभे राहिलेले सरकार

पहिला मोठा पेच निवडणुकीनंतर लगेच आला नाही. तो लोकसभेच्या मुदतीच्या मध्येच आला. जनता पक्षात फूट पडल्यावर १५ जुलै १९७९ रोजी मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार बनवण्यासाठी पाचारण केले. चव्हाणांनी आपली असमर्थता कळवली. मग रेड्डी यांनी मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडेही समर्थक खासदारांच्या याद्या मागितल्या. याद्यांमधील काही नावांबद्दल वाद झाला. अखेर चरणसिंग यांची यादी मोठी ठरली आणि २८ जुलै रोजी ते पंतप्रधान झाले. चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान होते.

या बहुमतात इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसचा पाठिंबा धरलेला होता. लोकसभेत विश्वासमत घेण्याच्या वेळीच तो पाठिंबा निघून गेला. २० ऑगस्ट रोजी चरणसिंग यांनी सभागृहाला सामोरे न जाताच राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. जगजीवनराम यांनी सरकार बनवण्याची तयारी दाखवली होती. त्यांना संधी न देता राष्ट्रपतींनी २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. ज्या पंतप्रधानांनी एकदाही विश्वासमत जिंकले नव्हते ते निवडणूक होऊन नवे सरकार येईपर्यंत, म्हणजे जानेवारी १९८० पर्यंत, काळजीवाहू म्हणून पदावर राहिले.

यातून एक धडा पुढे आला : राष्ट्रपती भवनात केलेली मोजणी पुरेशी नसते, खरी मोजणी सभागृहातच झाली पाहिजे आणि तीही लवकर. राज्यांच्या संदर्भात हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या एस. आर. बोम्मई खटल्यात ठामपणे मांडले. बहुमत आहे की नाही याची परीक्षा विधानसभेच्या सभागृहातच व्हावी, असे न्यायालयाने म्हटले.

३. १९८९ आणि १९९६ : सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलावणे

१९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला १९७ जागा मिळाल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण जनमत त्याच्या विरोधात गेले हेही उघड होते. राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी स्वतःचा अंदाज बाजूला ठेवून सरळ क्रम लावला. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी विचारायचे आणि तो नको म्हणाला तर पुढच्याला. राजीव गांधी यांनी नकार दिला. त्यानंतर १४३ जागा मिळवणाऱ्या जनता दलाचे नेते विश्वनाथ प्रताप सिंग यांना बोलावण्यात आले आणि २ डिसेंबरला त्यांचा शपथविधी झाला. त्यांच्या राष्ट्रीय आघाडीच्या सरकारला एका बाजूने भाजपचा, तर दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता.

या क्रमाचा फायदा असा, की राष्ट्रपतींवर पक्षपाताचा आरोप येत नाही. त्याचा तोटा १९९६ मध्ये दिसला. राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना बोलावले. १६ मे रोजी शपथविधी झाला आणि बहुमत सिद्ध करण्यासाठी ३१ मेपर्यंत मुदत मिळाली. मित्रपक्ष धरूनही वाजपेयींचे बळ दोनशेच्या आसपासच होते. नवे पाठीराखे मिळाले नाहीत आणि २८ मे रोजी चर्चेला उत्तर देऊन, मतदान होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. सरकार तेरा दिवस टिकले.

दरम्यान काँग्रेस आणि भाजप या दोघांव्यतिरिक्तच्या पक्षांनी संयुक्त आघाडी उभी केली होती. पंतप्रधानपदासाठी प्रथम विश्वनाथ प्रताप सिंग यांचे नाव पुढे आले. त्यांनी नकार दिला. नंतर पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचे नाव आले; त्यांच्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानेच सरकारमध्ये जायचे नाही असे ठरवले. बसूंनी पुढे त्या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. त्यानंतर देवेगौडा यांच्या नावावर एकमत झाले. पाठाच्या सुरुवातीचे कोडे येथे सुटते. सर्वांत मोठ्या पक्षाला बहुमत जमवता आले नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या काँग्रेसने सरकार न बनवता बाहेरून पाठिंबा दिला आणि तेरा पक्षांच्या आघाडीला मान्य होईल अशी व्यक्ती पंतप्रधान झाली.

४. १९९८ आणि १९९९ : पाठिंब्याची पत्रे आणि एक मत

तेरा दिवसांचा अनुभव ताजा असतानाच १९९८ ची निवडणूक झाली. भाजपला १८२ जागा मिळाल्या आणि मित्रपक्ष धरून आकडा अडीचशेच्या आसपास पोहोचला. या वेळी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी निमंत्रण देण्यापूर्वीच वाजपेयींकडे मित्रपक्षांची लेखी पत्रे मागितली. १८ खासदार असलेल्या अण्णाद्रमुकच्या नेत्या जयललिता यांचे पत्र लवकर येईना आणि सारा देश त्या पत्राची वाट पाहत राहिला. १२ जागा असलेल्या तेलुगू देसमने आपण तटस्थ राहू असे कळवले, त्यामुळे वाजपेयींची बाजू भक्कम झाली.

नारायणन यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व तुम्ही विसरू नये. आपला निर्णय कसा झाला याचे कारणांसह निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले. सर्वांत मोठ्या पक्षाला किंवा आघाडीला पहिली संधी देण्याची रीत आहे, पण ती सर्वकाळ लागू पडणारे सूत्र नाही, कारण इतर सदस्य एकत्र येऊन त्या पक्षापेक्षा संख्येने अधिक होऊ शकतात, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. घटना जेथे काही बोलत नाही तेथे निर्णय घेणाऱ्याने कारणे द्यावीत, ही अपेक्षा त्यातून निर्माण झाली.

१९ मार्चला शपथविधी झाला. बहुमत सिद्ध करण्यासाठी दहा दिवसांची मुदत होती. २८ मार्चला सरकारने २७४ विरुद्ध २६१ मतांनी विश्वासमत जिंकले. तेलुगू देसमने तटस्थ न राहता ऐनवेळी सरकारच्या बाजूने मत दिले. पण पुढच्याच वर्षी अण्णाद्रमुकने पाठिंबा काढून घेतला आणि १७ एप्रिल १९९९ रोजी तेच सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले.

या पराभवाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. सरकार पाडणाऱ्यांकडे पर्यायी सरकार नव्हते. काँग्रेसच्या अध्यक्षा सोनिया गांधी यांनी आपल्याकडे २७२ सदस्यांचा पाठिंबा असल्याचे सांगितले. मात्र मुलायमसिंग यादव यांच्या समाजवादी पक्षाने काँग्रेसच्या नेतृत्वाखालील सरकारला साथ दिली नाही आणि आकडा जमला नाही. लोकसभा विसर्जित झाली. एखाद्या सरकारविरुद्ध २७० मते एकत्र येणे वेगळे आणि त्याच २७० जणांनी एका नेत्यामागे उभे राहणे वेगळे, हे यातून दिसते. जर्मनीच्या राज्यघटनेत याच अडचणीवर तोड काढली आहे : तेथे संसदेला चॅन्सेलरला हटवायचे असेल तर त्याच वेळी उत्तराधिकारी निवडावा लागतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

५. बाहेरून दिलेला पाठिंबा

आता जरा मागे वळून काही सरकारांचे आयुष्य मोजू. चरणसिंग, विश्वनाथ प्रताप सिंग, चंद्रशेखर, देवेगौडा आणि इंद्रकुमार गुजराल हे पाचही पंतप्रधान बाहेरच्या पाठिंब्यावर अवलंबून होते. या पाचांपैकी एकाचेही सरकार वर्षभर टिकले नाही.

कारण शोधताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पाठिंबा देणाऱ्याचा आकार. १९९० मध्ये चंद्रशेखर यांच्या साठेक खासदारांच्या गटाला टेकू होता १९७ जागा जिंकलेल्या काँग्रेसचा. १९९६ मध्ये पंतप्रधानांच्या पक्षाला ४६ जागा होत्या आणि टेकू देणाऱ्या काँग्रेसला १४०. टेकू छपरापेक्षा जड असेल तर तो कधी काढायचा हे टेकू देणारा स्वतःच्या सोयीने ठरवतो. दुसरी गोष्ट, जबाबदारी. सरकारमध्ये नसलेल्या पक्षाला सरकारच्या निर्णयांचे उत्तर मतदारांना द्यावे लागत नाही, पण सरकारचे आयुष्य मात्र त्याच्या हाती असते.

२००४ ची गोष्ट याला अपवाद आहे, म्हणून ती तपासण्यासारखी आहे. त्या वर्षी काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. काँग्रेस आणि मित्रपक्ष मिळून सुमारे २२० वर होते आणि ५९ जागा असलेल्या डाव्या पक्षांनी बाहेरून पाठिंबा दिला. सोनिया गांधी यांनी पंतप्रधानपद नाकारले आणि २२ मे रोजी मनमोहन सिंग यांचा शपथविधी झाला. डाव्यांचा पाठिंबा जुलै २००८ पर्यंत, म्हणजे चार वर्षे टिकला. येथे टेकू छपरापेक्षा हलका होता. शिवाय पाठिंबा कशासाठी आहे हे लेखी ठरले होते आणि मतभेदांवर बोलण्यासाठी समन्वय समिती होती. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डावे बाहेर पडले. तरीही समाजवादी पक्षाच्या मदतीने सरकारने २२ जुलै २००८ रोजी २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासमत जिंकले.

६. वाटाघाटीत नेमके काय ठरते?

वर्तमानपत्रांतून आपल्याला मुख्यतः मंत्रिपदांची रस्सीखेच दिसते. प्रत्यक्षात तीन गोष्टींवर बोलणी होतात.

पहिली गोष्ट कार्यक्रम. १९९६ च्या संयुक्त आघाडीने किमान समान कार्यक्रम तयार केला. १९९८ मध्ये वाजपेयींच्या आघाडीने राष्ट्रीय कार्यसूची जाहीर केली. तिच्यात राममंदिर, अनुच्छेद ३७० आणि समान नागरी कायदा हे भाजपचे तीन जुने विषय नव्हते, कारण मित्रपक्षांना ते मान्य नव्हते. १९९९ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडी एकाच संयुक्त जाहीरनाम्यावर लढली. म्हणजे निकालानंतर व्हायची तडजोड मतदानापूर्वीच मतदारासमोर ठेवली गेली. २००४ च्या किमान समान कार्यक्रमात रोजगार हमीचा कायदा आणि माहितीच्या अधिकाराचे बळकटीकरण ही आश्वासने होती. दोन्ही कायदे २००५ मध्ये झाले. आघाडीचा कागद नेहमीच कागदावर राहतो असे नाही.

दुसरी गोष्ट खाती. १९९६ चे चित्र पाहा. अर्थखाते २० जागांच्या तमिळ मानिला काँग्रेसच्या पी. चिदंबरम यांच्याकडे गेले, संरक्षणखाते १७ जागांच्या समाजवादी पक्षाच्या मुलायमसिंग यादव यांच्याकडे आणि गृहखाते १२ जागांच्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इंद्रजित गुप्ता यांच्याकडे. घटनेप्रमाणे मंत्री निवडण्याचा अधिकार पंतप्रधानांचा असतो. आघाडीत मित्रपक्ष आपली नावे स्वतःच ठरवून पाठवतात. मंत्र्यांची संख्या बेसुमार वाढू नये म्हणून २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधान धरून मंत्रिमंडळावर लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आजच्या हिशेबाने ती ८१ येते.

तिसरी गोष्ट लोकसभा अध्यक्षपद. हे पद मंत्रिपदासारखे चमकदार नाही, तरी मित्रपक्ष त्यासाठी आग्रह धरतात. पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्याची अपात्रता अध्यक्ष ठरवतात. मित्रपक्षात फूट पाडण्याचा प्रयत्न झाला तर अध्यक्ष कोण आहे याला महत्त्व येते. १९९६ मध्ये काँग्रेसचे पी. ए. संगमा, १९९८ मध्ये तेलुगू देसमचे जी. एम. सी. बालयोगी, २००२ मध्ये शिवसेनेचे मनोहर जोशी आणि २००४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सोमनाथ चटर्जी अध्यक्ष झाले. यातले कोणीही पंतप्रधानांच्या पक्षाचे नव्हते.

७. आजची पद्धत : २०२४ चे उदाहरण

२०१४ मध्ये २८२ आणि २०१९ मध्ये ३०३ जागा एकट्या भाजपला मिळाल्यामुळे दहा वर्षे हे प्रश्न मागे पडले होते. २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळाल्या आणि ते परत आले. राष्ट्रीय लोकशाही आघाडीकडे २९३ जागा होत्या. त्यांत तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ जागा होत्या.

टप्पे कसे पडले ते क्रमाने पाहा. ४ जूनला निकाल लागला. मावळत्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि जुनी लोकसभा विसर्जित झाली. निवडणूक आयोगाने विजयी सदस्यांची अधिसूचना राष्ट्रपतींना सादर केली. आघाडीच्या खासदारांनी बैठकीत नेता निवडला आणि पाठिंब्याची पत्रे राष्ट्रपतींकडे गेली. ९ जूनला नरेंद्र मोदी आणि त्यांच्यासह ७१ मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यानंतर हंगामी अध्यक्षांसमोर खासदारांचा शपथविधी, लोकसभा अध्यक्षांची निवड आणि राष्ट्रपतींचे अभिभाषण हे टप्पे झाले. अभिभाषणावरील आभारप्रदर्शक ठराव मंजूर होणे ही बहुमताची पहिली मोठी कसोटी असते.

१९७९ च्या तुलनेत किती फरक पडला ते येथे दिसते. आघाडी मतदानापूर्वीची होती, म्हणून कोणाला बोलवायचे हा वाद उद्भवलाच नाही. पाठिंबा लेखी होता आणि प्रमुख मित्रपक्ष मंत्रिमंडळात सामील झाले. राज्यपालांसाठी सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सुचवलेला पसंतीक्रमही याच दिशेचा आहे : आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग सर्व घटक सरकारमध्ये सामील होणारी निकालोत्तर आघाडी आणि शेवटी काही घटक बाहेरून पाठिंबा देणारी आघाडी.

सारांश

निकाल आणि शपथविधी यांच्यामधले अंतर भारताने हळूहळू उजेडात आणले. याद्यांवरील वादाची जागा पाठिंब्याच्या पत्रांनी घेतली, राष्ट्रपती भवनातील मोजणीपेक्षा सभागृहातील मोजणीला मान मिळाला आणि बंद दाराआडच्या तडजोडी काही प्रमाणात जाहीर कार्यक्रमांत आल्या. पण हे सगळे संकेत आहेत, कायदा नाही. उद्या दोन निवडणूकपूर्व आघाड्यांना जवळजवळ सारख्या जागा मिळाल्या आणि मधले पक्ष कोणाचेच नसले, तर राष्ट्रपतींना पुन्हा स्वतःच्या विवेकावरच अवलंबून राहावे लागेल. तेव्हा त्यांनी कोणाला बोलावले याच्या जोडीला त्यांनी कारणे कोणती दिली, मुदत किती दिली आणि मतदान कोठे झाले, हेही तुम्ही नागरिक म्हणून विचारले पाहिजे. मत दिल्यानंतर सरकार बनण्याच्या प्रक्रियेवर मतदाराची नजर राहते ती या प्रश्नांतूनच.

स्वाध्याय

१. राष्ट्रपती वेंकटरामन (१९८९) आणि राष्ट्रपती नारायणन (१९९८) यांच्या पद्धतींत कोणता फरक आहे? तुम्हाला कोणती पद्धत अधिक योग्य वाटते? कारणे द्या.
२. बाहेरच्या पाठिंब्यावरील पाच सरकारे वर्षभरही टिकली नाहीत, मात्र २००४ मध्ये डाव्या पक्षांचा पाठिंबा चार वर्षे टिकला. या फरकाची मीमांसा करा.
३. सरकार पाडणाऱ्यांनी त्याच वेळी पर्यायी नेता निवडलाच पाहिजे, असा नियम १९९९ मध्ये भारतात असता तर काय घडले असते? या नियमाचा एक फायदा आणि एक धोका लिहा.
४. तुमच्या राज्यात निकालोत्तर आघाडीचे सरकार बनले असल्यास, राज्यपालांनी कोणाला आधी बोलावले आणि बहुमताची चाचणी किती दिवसांत झाली, याची माहिती मिळवून सरकारिया आयोगाच्या पसंतीक्रमाशी ताडून पाहा.